‘वेंडाम’चं बटण

कृष्णाजी राव मागच्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, तिरुवल्लिकेणीतल्या राहत्या घरी हृदयविकाराने गेले. आमच्या वर्तमानपत्रात त्यांनी आयुष्यभर पानं लावली. त्यांच्या मृत्यूची जाहिरात दुसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्रात आली.

राव तंजावरी मराठी. निवृत्तीनंतर त्यांनी घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स ही मोफत प्रणाली घातली, ती पत्नी जानकीअक्कांसाठी. अक्कांची नजर मधोमध विझत चालली होती. पडद्यावरचं अक्षर तळहाताएवढं केलं तरच त्यांना वाचता येई, आणि ते न थरथरता मोठं करणारं ग्राफिक्स कार्ड त्या संगणकात होतं. कंपनीने त्या कार्डासाठी नवा ड्रायव्हर काढणं केव्हाच थांबवलं होतं. कार्ड आणि लिनक्स यांच्यामधला हा दुभाषा आता फक्त लिनक्सच्या जुन्या आवृत्तीवर चाले. राव कार्डाला पेरियप्पा म्हणत, म्हणजे थोरले काका. “ढकलूं नका त्याला. चालतो तसा चालूं द्या.”

रोज सकाळी अक्का ई-पेपर वाचायला बसल्या, की लिनक्सची नवी आवृत्ती घ्यायची का, असं विचारणारी चौकट येई. राव मागून “वेंडाम” म्हणत... तमिळमधलं ‘नको’... आणि उजवीकडचं बटण दाबत.

“अहो, एकदा तरी हो म्हणा. रोज विचारतो बिचारा,” अक्का एकदा माझ्यादेखत म्हणाल्या.

“एकदाच हो म्हणालों होतों. तूं आलीस.”

जाहिरात आली त्या सकाळी अक्कांशेजारी मुलगा सुंदर होता. तो सिरुसेरीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. “अम्मा, किती जुनं ठेवलंय अप्पांनी,” म्हणत त्याने ‘होय’ दाबलं. नव्या आवृत्तीत जुना ड्रायव्हर नव्हता. लिनक्सच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चित्र दिसत होतं, पण अक्षर मोठं केलं की पडदा थरथरे आणि अक्कांना भोवळ येई. सुंदरने जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली. मग जुनी आवृत्ती परत घातली. तो ड्रायव्हर रावांनी कुठून आणला आणि कसा जुळवला, हे मात्र त्याला सापडलं नाही. पडदा थरथरतच राहिला.

“नवा संगणक आणतो, अम्मा.”

“वेंडाम.”

गेल्या रविवारी मी गेलो, तेव्हा अक्का पडद्यासमोर बसल्या होत्या. चौकट आली. त्यांनी उजवीकडचं बटण दाबलं. ई-पेपर मात्र त्यांनी उघडला नाही. जाहिरात त्यांनी अजून स्वतः वाचलेली नाही.