हाडाचं कलम

ओतूरच्या कॉलेजातून परतताना जीप उलटली आणि माझ्या नडगीचा मधला तुकडा पार चुरा झाला. नारायणगावच्या डॉक्टरांनी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून त्याचं त्या जागी कलम केलं आणि पायाभोवती लोखंडी सळ्यांची चौकट बसवली. "पुढेमागे प्रयोगशाळेत जिवंत हाड तयार करतील म्हणतात," ते म्हणाले, "आज मात्र तुझंच तुला." ते धरलं नाही तर काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच ऐकलं की कलम केलंय. आमच्या डिंगोऱ्यात जंगली खुंटावर द्राक्षाचं कलम बांधावं तर आप्पांनीच. फूट येईपर्यंत कलमाला हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. डॉक्टरांनी वॉकर दिला होता, हळूहळू पायावर भार द्या म्हणून बजावलं होतं. आप्पांनी तो माळ्यावर टाकला. "हाललं की गेलं. फूट धरूस्तोवर गप पडून ऱ्हा."

मग काय, पडून राहिले. आलेला पाहुणा चादर उचलून सळ्या बघायचा, चुकचुकायचा, चहा प्यायचा आणि स्वतःच्या पायांनी निघून जायचा. त्या धडधाकट पायांचा मला भयंकर राग यायचा. आप्पा दारातच ठाण मांडून. मी कूस बदलली तरी धावत यायचे. त्या मायेनं जीव नुसता घुसमटायचा.

पुढच्या एक्सरेत हाड जेमतेम दिसलं. डॉक्टर आप्पांवर भडकले. "भार पडल्याशिवाय हाड वाढत नाही. हिला असंच झोपवून ठेवलंत तर पाय जाईल!"

घरी आल्यावर आप्पांनी माळ्यावरून वॉकर काढून पुसला. "ऊठ बाय. माजंच चुकलं."

आणि आता मीच हटून बसले. इतके महिने त्या खोलीतून पळायचं एवढंच मनात होतं, आणि पाय टेकायची वेळ आली तर मी खाटेचा काठ सोडेना. "नको आप्पा, मोडेल."

त्यांनी वॉकर बाजूला सारला. चप्पल काढली, मला बगलेत धरून उभं केलं आणि माझं ते पाऊल आपल्या पावलावर घेतलं.

"टाक वजन. माज्यावर टाक."

टाकलं. कळ मस्तकात गेली. "सोडा, लई दुखतंय!" मी किंचाळले. आप्पा रडत होते, पण पाऊल त्यांनी काढून घेतलं नाही.