बांबू उगारला, तिथंच मी स्टोरी कापली

दोस्तहो, आत्ताच दवाखान्यातून घरी आलो.

मी घाटंजीत एका साडीच्या दुकानाच्या स्टोऱ्या टाकतो. कोण शेवटपर्यंत पाह्यते अन् कोण मधातच पळते, हे रोज तपासतो. म्हणून साडी अर्धी उघडली की क्लिप कापायची अन् किंमत शेवटच्या भागात सांगायची, ही माही सवय.

आज दुपारी बाजारात बसायच्या जागेवरून भांडण पेटलं. एकानं पालाचा बांबू उपसला अन् केळापूरच्या कांदेवाल्या काकाच्या डोक्यात हाणला. काका पालथे पडले, तरी तो हाणतच होता. लोकायनं त्याले धरलं अन् काकाले दवाखान्यात नेलं. मी मोबाईल धरून उभा होतो.

लगेच चार भाग टाकले. पहिला भाग बांबू हवेत असतानाच कापला. दुसऱ्या-तिसऱ्यात मार अन् रक्त. काकाचं नाव, गाव, दवाखाना हे सगळं चौथ्यात, साडीच्या किमतीसारखं.

मंग आकडे पाह्यले. पहिले तीन भाग कोणीच सोडले नाही. डोक्यावरचा घाव तर लोकायनं मागं जाऊन पुन्हा पाह्यला. चौथ्यावर निम्मे पळाले.

काकाची पोरगी दवाखान्यात आली तेव्हा संध्याकाळ झालती. तिलेच हाका मारता मारता काकाची शुद्ध गेलती.

मले म्हणे, "दादा, तुमची स्टोरी मी दुपारीच पाह्यली. बाबाचं तोंड दिसलंच नाही. तिसऱ्यात मारामारी संपली, म्हणून मी बंद केली."

खरं सांगा, तुम्ही चौथा भाग पाह्यला होता का?