पान एकशे बाराचा देव

"सोडनार नाय मी त्याला."

हे वाक्य मावशी कधी चिडून म्हणायच्या नाहीत. भाजीवाल्याला कोथिंबीर जरा ताजी दे म्हणावं, तितक्या सहज म्हणायच्या. आणि म्हणून झालं की उजव्या हाताच्या करंगळीने हवेतच एक कळ दाबायच्या. बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात त्यांनी अख्खी नोकरी टायपिस्ट म्हणून काढली होती. बोलण्यातला पूर्णविरामही त्या टाइप करायच्या.

माझं नेरूळला कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मावशी मागच्या गल्लीत राहायच्या, एकट्याच. मूळच्या खाडीकाठच्या गावातल्या. गावाची भातशेती आणि मिठागरं जाऊन तिथे सेक्टर झाले, मावशी नोकरीला लागल्या, फ्लॅटमध्ये आल्या, पण बोली तीच राहिली. पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा म्हणाल्या, "पोरा, माजा काम्पुटर चालू होतो नि मरतो. मना तो जिता पायजे. एका मानसाचा हिशोब करायचा हाय."

मी घरी गेलो. तुम्ही असले कॉम्प्युटर पाहिले असतील. खोक्यासारखा फुगीर मॉनिटर, वर क्रोशाचं झाकण, डबा पिवळा पडलेला. बरीच वर्षं बंद होता. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची: डिस्क तपासत आहे. आकडा हळूहळू चढायचा आणि अकरा टक्क्यांवर जो थांबायचा, तो थांबायचाच. माऊस हलेना, कीबोर्ड चालेना, काही नाही.

"तीन दिस ठेवला चालू," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, म्हातारा हाय, दमानं मोजंल."

मी धूळ काढली, पंखा साफ केला, मेमरी काढून पुसून परत बसवली, डिस्कची केबल बदलली. अकरा टक्के. तपासणी टाळून पुढे जाऊन पाहिलं, तर पुढेही गोठायचा. मग मी एक चूक केली. ती कबूल करायला हवी. मी तपासणी पुन्हा चालू केली आणि म्हणालो, "आज दिवसभर राहू दे, मावशी." दुपारी त्यांचा फोन आला. डब्यातून टक-टक आवाज येत होता. डिस्कवरची जागा खराब झाली होती, आणि ही तपासणी त्याच खराब जागेवर पुन्हा पुन्हा डोकं आपटत होती. दुरुस्ती म्हणून मी जे चालवलं होतं, तेच डिस्कला मारत होतं.

मी धावत जाऊन प्लग ओढला. तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं.

त्यांची आई, पोशीबाई, गावातली धवलारीण. लग्नाचे विधी चालू असताना धवले म्हणणारी बाई. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक प्रसंगाचं गाणं तिला तोंडपाठ, आणि लिहिता-वाचता एक अक्षरही येत नव्हतं. कार्यालयात टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, तेव्हा मावशींनी सरावासाठी हा घरी घेतला. सरावाला मजकूर हवा, म्हणून आईला शेजारी बसवलं. आई म्हणायची, या टाइप करायच्या. अशी सात-आठ वर्षं.

शेजारच्या इमारतीत एक प्राध्यापक राहायचे. सगळे त्यांना सर म्हणायचे. मावशींनी भाबडेपणाने सगळी गाणी सीडीवर घालून त्यांना दिली. "सर, वाचा नि शुद्धलेखन बघा." सरांनी वाचलं. आई वारली, आणि दोन महिन्यांनी सरांचं पुस्तक आलं. प्रस्तावनेत लिहिलं होतं, की सरांनी खाडीकाठची गावं पायी तुडवून ही गाणी गोळा केली.

"पायी!" मावशी म्हणाल्या. "लिफ्टनं तिसऱ्या माल्यावं आला नि चा पिऊन गेला!"

पोशीबाईचं नाव पुस्तकात कुठेच नव्हतं. मावशी विचारायला गेल्या, तर सर हसून म्हणाले, "लोकगीतं कुणा एकाची नसतात, बाई. आणि तुमच्याकडे पुरावा काय?"

पुरावा त्या डब्यात होता. पण राग इतका होता, की आईच्या माघारी मावशींनी तो कॉम्प्युटर झाकूनच टाकला. मग एक दिवस पेपरात बातमी वाचली: लोकसाहित्याच्या सेवेबद्दल सरांचा वाशीत सत्कार होणार. त्या दिवशी त्यांनी झाकण काढलं.

मी डिस्क दुकानात आणली आणि माझ्या मशीनला जोडली. आता तपासायचं काहीच नव्हतं. आधी जेवढं निघेल तेवढं उतरवून घ्यायचं, खराब जागा आली की सोडून पुढे जायचं. सहा दिवस लागले. सहाही दिवस मावशी अकराला दुकानात यायच्या, स्टुलावर बसायच्या, दुपारी डबा उघडायच्या. सुकटीच्या वासाने गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "नंतर येऊ का?" मावशी त्यांनाही आत बोलवायच्या आणि सरांची गोष्ट पहिल्यापासून सांगायच्या. एका बाईंचा प्रिंटर होता. त्या तासभर थांबल्या आणि जाताना म्हणाल्या, "अजिबात सोडू नका."

मलाही तोवर त्या सुडाची चटक लागली होती, हे लपवत नाही. सर मला काही लागत नव्हते. पण उतरवणं एखाद्या जागी अडकलं की मी डिस्कला नाही, सरांना शिव्या द्यायचो.

सहाव्या दिवशी बरीचशी गाणी निघाली. पण निम्म्या पानांवर मधेमधे अक्षरांऐवजी नुसत्या चौकोनी खुणा. आणि एक आवाजाची फाईल निघाली. मावशींना आठवेना. मी चालू केली.

थकलेला, पण खणखणीत बायकी आवाज दुकानात भरला:

"धवल्या तोंडाचा देव गो रुसला,
हालं ना बोलं ना, पाटाव बसला."

मग म्हातारीचं हसणं. मग मावशींचा तरणा आवाज: "आये, देव कनचा? काम्पुटर हाय तो. हँग झालाय!" आणि मग दोघी हसतायत, हसतच राहिल्यात.

 मावशी टेबलाची कड धरून बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी तसंच धरून ठेवलं. मग एकदम म्हणाल्या, "परत लाव." तिसऱ्यांदा ऐकताना त्या ताडकन उठल्या. "अरं, हे त्यानं छापलाय!"

त्यांनी घरून पुस्तक आणलं. पान एकशे बारा. आईने गंमत म्हणून रचलेल्या त्या दोन ओळी मावशींनी तेव्हा बाकीच्या गाण्यांतच टाइप करून ठेवल्या होत्या. सरांनी त्यांवर तीन पानं लिहिली होती. धवल्या तोंडाचा देव म्हणजे मिठागरांतली अतिप्राचीन श्वेतदेवता. तिचं मौन म्हणजे समुद्राची ओहोटी. मी हसून हसून खाली बसलो. मावशी हसल्या नाहीत. करंगळीने हवेत कळ दाबली.

सत्काराला आम्ही दोघं गेलो. हॉल भरलेला. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मावशी माईकपाशी गेल्या. इस्त्रीची साडी, कार्यालयातला ठेवणीतला सूर.

"सर, पान एकशे बारावरच्या देवाबद्दल थोडं सांगाल का?"

सर खुलले. सहा-सात मिनिटं बोलले. समोरचे लोक टिपून घेत होते. बघताक्षणी ओळखतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी मावशींना ओळखलंच नाही.

त्यांचं संपल्यावर मावशींनी फोन माईकला लावला. पोशीबाई गायली. "हँग झालाय" ऐकलं आणि हॉल फुटला. मागच्या रांगेतली मुलं बाकं बडवायला लागली. हसू ओसरेपर्यंत मावशी थांबल्या.

"ही माजी आय. पोशीबाय. ही सगली गानी तिची. तिचं नाव या पुस्तकान नाय." एवढं बोलून त्या जागेवर येऊन बसल्या.

आठवड्याने सर शाल आणि नारळ घेऊन मावशींच्या दारात उभे राहिले. मी तेव्हा तिथेच होतो. "झालं गेलं विसरा, बाई. पुढच्या आवृत्तीत तुमचंही नाव टाकू."

"माजं नको. आयचं टाका. नि पुढच्या नाय, ह्याच." मावशींनी शालीकडे पाहिलं. "ही तिला द्यायला हवी होती. आता ती राखंत हाय." आणि दार लावलं.

शेवटी उरलेल्या प्रतींवर पट्टी चिकटवली गेली: गायिका, पोशीबाई. मावशी वाशीच्या दुकानात जाऊन एकेक प्रत उघडून पट्टी नीट बसली आहे का, ते बघून आल्या.

"आता गेला का राग?" मी विचारलं.

"थोरा गेला. सगला नाय जात, पोरा. नि मना घालवायचा पन नाय."

गेल्या वर्षी मावशी गेल्या. झोपेतच. बाराव्याला गावातल्या त्यांच्या भावाच्या अंगणात मांडव होता. फोटोला हार, समोर बायका बसलेल्या. आणि पांढऱ्या कपड्यांत सर आले. कुणी बोलवलं, कळलं नाही. दोन शब्द बोलतो म्हणाले आणि उभे राहिले.

"आमच्या या टायपिस्ट बाई," त्यांनी सुरुवात केली, "मला धाकट्या बहिणीसारख्या. आमचे मतभेद झाले, पण ऋणानुबंध होते..."

मावशींची भावजय दाराशी बसली होती. सत्तरीची बाई. तिने बसल्या जागेवरून विचारलं, "सर, तिचं नाव काय हुतं?"

सर थांबले. फोटोकडे पाहिलं; फोटोवर नाव नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी मावशींना नुसतं 'बाई' म्हटलं होतं.  सरांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत माझ्यावर आली आणि थांबली. त्यांनी भुवया किंचित उंचावल्या. ओठ हलवून मला विचारलं.

मला नाव माहीत होतं. मी खाली वाकलो आणि चपला शोधू लागलो.