पाहुणीशी बोलायची भाषा

भाषेची पात्रता तपासायला कोणी येईल, असे मला कधी वाटले नव्हते. नोकरीसाठी पात्रता पाहतात, लग्नासाठीही पाहतात. परंतु गेल्या हिवाळ्यात पुण्याहून एक तरुणी कर्नाटकात आमच्या जोयड्याला आली आणि आमची बोली तपासायची आहे, असे म्हणाली. इंटरनेटवर अनेकांनी मिळून भरावयाचा एक शब्दकोश आहे. त्यात नवी भाषा घेण्यापूर्वी ती तयार आहे की नाही, हे ठरवतात. लोक ती आपसांत खरोखर बोलतात काय, ध्वनिमुद्रणास संमती देतात काय, असे प्रश्न असतात. तिच्या गटातील इतरांचे मत होते की, ही स्वतंत्र बोली नव्हेच. पुस्तकी मराठीच येथे जरा वाकडी बोलतात. तिने एकटीने विरोध केला होता. सहज बोलण्याचे मुद्रण तिने आली त्याच दिवशी पाठवले नाही, तर आमची बोली वगळली जाणार होती.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालेला माणूस. गावे ठाऊक, माणसे ठाऊक. म्हणून तिच्याबरोबर मी निघालो.

पहिल्याच दुकानात अडचण आली. तिच्या गळ्यातील ओळखपत्र पाहून, ती सरकारी अधिकारी असावी असे समजून दुकानदार कन्नडमध्ये बोलू लागला. आपण पुण्याच्या, असे तिने सांगताच तो म्हणाला, "आपण कृपया आसनस्थ व्हावे." हाच गृहस्थ मला रोज "च्या पितोस काय?" असे विचारतो. पुढे जीपचा चालक आकाशवाणीवरील निवेदकासारखा बोलला. "पुढील वळणावर रस्ता नादुरुस्त आहे, तरी सावध राहावे."

आमच्याकडे पाहुण्याशी पाहुण्याच्या भाषेत बोलतात. हे कोणी शिकवत नाही. पाहुण्यापुढे घरची बोली ठेवणे म्हणजे त्याला शिळा भात वाढण्यासारखे समजतात.

"काका, ही माणसं आपसांत कशी बोलतात?" तिने विचारले.

"तुम्ही नसताना," मी म्हणालो.

 शेवटचा उपाय म्हणून मी तिला उळवीच्या वाटेवरील गावी, माझ्या थोरल्या बहिणीकडे नेले. अक्काने ऐंशी ओलांडली आहे. तिने आयुष्यात कोणाची भीड धरल्याचे मला स्मरत नाही.

अक्का अंगणात सुरणाच्या ढिगापाशी बसली होती. पाहुणी पाहताच ती उठली, पदर सावरला आणि म्हणाली, "यावे, बसावे. प्रवास सुखाचा झाला ना?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. तिने मला डोळ्यांनी दटावले.

तरुणीने परवानगी घेऊन फोन कट्ट्यावर ठेवला व मुद्रण सुरू केले. "आजी, याला तुम्ही काय म्हणता?"

"सुरण, असे म्हणतात."

तरुणीने तोंड फिरवले. काहीतरी करायचे म्हणून तिने हात स्वच्छ धुतले, सुरी उचलली आणि ओल्या हातांनी सुरण सोलायला घेतला.

"अगं ए! काय करालीस?" अक्का ओरडली. "वल्या हातानं सुरण धरत्यात व्हय? टाक ते! टाक म्हंते न्हवं! डोळ्याला हात लावू नगं, खाजवून मरशील! आन् ह्यो टोणगा बसलाय बघत. सोलं आण की रं, पाय मोडलं काय तुझं?"

टोणगा म्हणजे मी. मी आमसुले आणली. अक्का तिच्या हातांना ती चोळत होती आणि न थांबता बोलत होती. पुण्याच्या मुलींना आयांनी काय शिकवले, येथपासून माझ्या बालपणापर्यंत सर्व विषय आले. तरुणीचे हात लाल झाले होते, तोंड मात्र हसत होते. तिने कोपराने फोन बंद केला. "काका, मिळालं!"

आता केवळ संमती हवी होती. तिने मुद्रण अक्काला ऐकवले. अक्काने तोंडाला पदर लावला.

"पाव्हणीला मी असं बोलले? आन् ते जगानं ऐकायचं?" हे मला. मग तिच्याकडे वळून, "हे कृपया पुसून टाकावे."

अक्काचे नाव कोठेही येणार नाही, असे तरुणीने समजावले.

"नाव न्हाई म्हणून लाज जात्या व्हय?" अक्का मला म्हणाली.

तेवढ्यात परतीच्या बसचा भोंगा ऐकू आला. तरुणी उठू लागली.

"बस जाऊ द्या," मी तिला हळूच म्हणालो. "येथे जेवा. जेवल्यावर आपले ताट आपण उचला."

पाहुण्याने ताट उचलणे आमच्या घरात चालत नाही. उचलतो तो घरचा. दिवेलागणीला जेवण झाले. तिने ताट उचलले. अक्का हिसकावून घ्यायला धावली, पण तोपर्यंत ती मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी पोचली होती. सुजलेल्या हातांनी ती ताट धुऊ लागली. अक्का कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"राख घे की. नुसत्या पाण्यानं तूप निघतंय व्हय?"

मी संधी साधली. "अक्का, ही पाव्हणी काय?"

"ताट धुत्या ती पाव्हणी कशी?"

"मग तिला वरडलीस त्याची लाज कसली?"

 अक्काने फोनकडे बोट केले. "धाड म्हणावं. पन त्यातलं टोणगा तेवढं काढ."

ते काढता आले नाही. घरामागच्या टेकाडावर रेंज मिळते. तेथून मुद्रण गेले.

पुढे तिचा निकालाचा फोन आला. बोली तयार ठरली. नमुना उत्तम, परंतु तो सबंध रागावण्याचा आहे. इतर प्रसंगांचेही बोलणे मिळाल्यास बरे, असा शेरा होता. मी अक्काला जाऊन सांगितले.

"तयार म्हंजे? आजवर मी काय बोलत हुते?" तिने विचारले.  उत्तराची तिने वाटही पाहिली नाही.

"ते ऱ्हाऊ दे. ती पोर कवा येत्या? सुरण संपाय आलंय."