शरदचंद्रांचा मेजर

चिखलोलीच्या त्या इमारतीत कुणाच्या घरी काय शिजतं हे लिफ्टमध्येच कळतं. त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या शरदचंद्रांकडे दोन्ही वेळा खिचडीच शिजते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांना कुणी बिचारे म्हणायचं नाही. ज्याचा मुलगा फौजेत मेजर आहे, त्याला बिचारे कोणत्या तोंडाने म्हणणार?

आता हा मेजर कसा घडला, तेवढं नीट ऐकण्यासारखं आहे. शरदचंद्रांना स्वतःलाच फौजेत जायचं होतं. तळपाय सपाट निघाले आणि त्यांची रवानगी अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात झाली. तिथे त्यांनी उभा जन्म शेड जुळवण्यात घालवला. गिऱ्हाइकाने भिंतीचा टवका आणून दिला, की त्याच रंगाचा डबा तयार करून द्यायचा. मग मुलगा झाला. राजसचे तळपाय बापाने पाळण्यातच उलटसुलट करून पाहिले. चांगले खोलगट होते. मुलगा खडकवासल्याच्या प्रबोधिनीत दाखल झाला, तेव्हा शरदचंद्रांनी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. आणि वर्षही पुरं व्हायच्या आत तो परत आला. दुखापत नाही, आजारपण नाही. "मला नाही जमत बाबा, मला तिथे झोप येत नाही," एवढंच म्हणाला. बाप म्हणाला, "मग हे तोंड घेऊन इथे राहू नकोस."

तो गेला. पण पेढे वाटून झाले होते ना. वाटलेले पेढे परत कसे मागणार? तेव्हा लोकांसाठी राजस प्रबोधिनीतच राहिला. यथाकाल तो पास झाला, लेफ्टनंट झाला, पेढे आले. कॅप्टन झाला, पेढे आले. मेजर झाला तेव्हा काजूकतली आली. बापाने बढत्या इतक्या नेमाने आणि नियमाप्रमाणे दिल्या, की खऱ्या फौजेतल्या पोरांना हेवा वाटावा. शेजाऱ्यांनी फौजी कॅन्टीनच्या भावात मिक्सर मागितला, तर शरदचंद्र उल्हासनगरच्या बाजारातून पूर्ण भावाने घ्यायचे, दुकानाचं स्टिकर गरम पाण्याने काढायचे आणि स्वस्तात आणून द्यायचे. 'पोस्टिंग कुठे?' असं विचारलं, की आवाज खाली आणून म्हणायचे, "ते सांगता येत नाही."

खरंच सांगता येण्यासारखं नव्हतं. मेजर नेरळला होता. बदलापूर सोडलं की वांगणी, शेलू आणि नेरळ. स्टेशनपासून माथेरानच्या पायथ्याकडे जाताना डाव्या हाताला त्याची नर्सरी आहे. दुसऱ्या मजल्यावरची किर्ती एकदा शेवंतीची रोपं आणायला तिथे गेली, तर मेजरसाहेब कोपरापर्यंत चिखलात. घरी पोचेपर्यंत तिने अर्ध्या बिल्डिंगला फोन केले. पण शरदचंद्रांसमोर कुणी शब्द काढला नाही. काही जण दयेपोटी गप्प बसले, काही जण कर्नल कधी होतो ते बघायला.

शरदचंद्रांची बायको सुनंदाबाई मात्र दर पंधरवड्याला भजनी मंडळाला म्हणून निघायची आणि येताना हातात कुंडी असायची. भजनात कुंड्या कुठे वाटतात, हे नवऱ्याने कधी विचारलं नाही. ती गेली तेव्हा राजस आला. लोकांच्या लेखी तेव्हा तो अजून कॅप्टनच होता. केस खांद्यापर्यंत. लोक बघायला लागले तसे शरदचंद्र त्याही दिवशी म्हणाले, "स्पेशल ड्युटीवर वाढवावे लागतात." तेराव्याला कुणीतरी त्याला 'कॅप्टनसाहेब' म्हणून नमस्कार केला. राजसने नमस्कार घेतला. निघताना चपला घालता घालता म्हणाला, "आईसाठी गप्प बसलो. यापुढे तुमच्या कॅप्टनच्या जागी मला उभं करू नका." त्यानंतर त्याचा फोन नाही आणि यांचाही नाही. गॅलरीतल्या कुंड्या एकेक करून वाळल्या.

मग एका माणसाने एकटं किती बोलायचं? शरदचंद्रांनी प्लास्टिकचे रणगाडे जोडायला घेतले. बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत, विष्णुपंतांच्या तळमजल्यावरच्या घरी दर रविवारी सकाळी अशा लोकांची बैठक भरते. बहुतेक मॉडेलं खऱ्या यंत्राच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी करतात, म्हणून बैठकीचं नाव 'पस्तिसावा हिस्सा'. विष्णुपंत स्वतः हवाई दलात इंजिन फिटर होते. मालिनी दातांची डॉक्टर, तिचे वडील नौदलात. अमित उल्हासनगरचा सिंधी, घरचं पडद्याच्या कापडाचं दुकान. बैठकीची एक रीत आहे. नवीन मॉडेलचं खोकं उघडण्याआधी प्रत्येकाने आपल्या घरातल्या गणवेशातल्या माणसाबद्दल सांगायचं, आणि शक्य असेल तर तो ज्यात बसला, ज्याला हात लावला, तेच मॉडेल करायचं.

शरदचंद्र पहिल्यांदा गेले तेव्हा अमित सांगत होता, "अपने यहाँ कोई नहीं, अंकल. सात पिढ्यांत कोणी फौजेला पडदा पण विकला नाही. तरी हे लोक मला चहा देतात." सगळे हसले होते. शरदचंद्रांनाही तसंच सांगून हसवता आलं असतं. पण त्यांची पाळी आली आणि सवयीने तोंडातून निघालं, "माझा मुलगा मेजर आहे. रणगाडे." विष्णुपंतांनी उठून हात मिळवला. सुनंदाबाईंच्या दिवसांनंतर इतका वेळ कुणी त्यांचा हात धरला नव्हता.

तेव्हापासून रविवार हा त्यांचा एकच वार झाला. इतर सहा वार रविवारची वाट बघण्यात जायचे. पेपरवाल्याला ते 'थांब जरा' म्हणायचे आणि पुढे काय बोलायचं ते न सुचून सुट्टे पैसे शोधत राहायचे.

यंदा मालिनीच्या डोक्यातून प्रदर्शन निघालं. बदलापुरातला एक हॉल, प्रत्येकाचं एक मॉडेल आणि शेजारी कार्डावर घरच्या माणसाची ओळख. शरदचंद्रांनी राजसचा रणगाडा करायला घेतला. बुरुजातून अर्धा बाहेर आलेला एक अधिकारी बसवला, नखाएवढ्या चेहऱ्याला राजसचं नाक दिलं. हिरवा रंग असा जुळवला, की विष्णुपंतही वाहवा म्हणाले. पण रणगाडा झगझगीत. वरातीला निघालेल्या गाडीसारखा. या लोकांच्या हिशेबात अर्धं काम जोडण्याचं आणि अर्धं मळवण्याचं. कुठे चिखल उडतो, कुठे माणसाच्या बुटाने रंग झिजतो, ते दाखवल्याशिवाय मॉडेल पुरं होत नाही.

"काका, धूळ कधी लावणार?" मालिनीने विचारलं.

"लावतो ना."

"राजसकडून एखादा फोटो मागवा. तिकडची माती तांबडी की पिवळी ते कळेल."

"फोटो पाठवता येत नाही त्याला."

"अंकल, लोक लग्नाचे फोटो टँकवर बसून काढतात," अमित म्हणाला. "मातीचा एक फोटो मागा. माती काय सिक्रेट नसते."

शरदचंद्रांनी ब्रश पाण्यात बुडवला, पुसला, परत बुडवला. आयुष्यभर टवक्यावरून शेड जुळवणाऱ्या माणसाकडे या एका रंगाचा टवकाच नव्हता. अंदाजाने लावता आला असता. पण अंदाजाने रंग लावायचा म्हटलं, की त्यांचा हातच चालायचा नाही.

विष्णुपंत इतका वेळ चष्म्यावरून बघत होते. म्हातारा मोठा बेरकी. म्हणाला, "फोटो कशाला? त्यालाच बोलवू. प्रमुख पाहुणा कोण, हा प्रश्न होताच. आपल्यात नोकरीवर असलेला तोच एक. काय शरदराव, एका दिवसाची रजा मिळेल की नाही?"

"विचारतो," शरदचंद्र म्हणाले. दुसरं काय म्हणणार? संध्याकाळपर्यंत मालिनीने ग्रुपवर पत्रिका टाकलीसुद्धा. प्रमुख पाहुणे: मेजर राजस.

दोन दिवस ते फोन हातात घेऊन घरभर फिरले. रजा मिळाली नाही म्हणून सांगता आलं असतं. इतक्या वर्षांत त्यांनी राजसच्या किती रजा रद्द केल्या होत्या, आणखी एक झाली असती. पण या वेळी फोन करायला कारण मिळालं होतं. कारण कसं का असेना, ते त्यांना सोडवेना.

"बोला बाबा," राजस म्हणाला. मागे पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"कसा आहेस?"

"बरा आहे. तुमची तब्येत?"

"बरी आहे. जेवलास?"

"अकरा वाजलेत, बाबा."

"हो, हो. एक काम होतं. आमच्या मंडळींनी तुला बोलावलंय. तासाभराचं काम. नुसती फीत कापायची. भाषण नको म्हणून मी आधीच सांगून ठेवलंय. फक्त केस जरा…"

पाण्याचा आवाज बंद झाला. "कुणाला बोलावलंय?"

"तुला."

"मला की मेजरला?"

शरदचंद्रांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचा मेजर चांगला दिसतो, बाबा. त्याच्याबद्दल तुम्ही रोज कुणाशी ना कुणाशी बोलता. मला इतक्या वर्षांनी फोन केलात, तोही त्याच्याच कामासाठी." राजसचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट. "आई यायची ना, ती मला म्हणायची, तुझे बाबा हट्टी आहेत, पण वाट बघतात. मी तिला विचारायचो, कुणाची? ती उत्तर द्यायची नाही. रोपांची पानं पुसत बसायची."

"राजस…"

"मी येणार नाही. आणि आता गिऱ्हाईक आलंय. ठेवतो."

शरदचंद्र गॅलरीत वाळलेल्या कुंड्यांपाशी गेले. सुनंदा भजनाला जात नव्हती हे त्यांना माहीत होतं. ती तिथे पानं पुसते, हे माहीत नव्हतं. घरी ती कुंडीला नुसतं पाणी घालायची. तिकडे मात्र पोराच्या शेजारी बसून एकेक पान पुसायची, आणि हे इथे दार आतून लावून पेढ्यांची ऑर्डर द्यायचे. त्या दिवशी खिचडीही शिजली नाही. हेही लिफ्टमध्ये कळलं.

प्रदर्शनाच्या रविवारी हॉल बऱ्यापैकी भरला. मालिनीने वडिलांच्या जहाजाशेजारी त्यांची टोपी ठेवली होती. अमितच्या कार्डावर लिहिलं होतं, 'घरात कोणी नाही. आवड आहे.' त्याचीच मॉडेलं बघायला पोरांची जास्त गर्दी. सोसायटीतून किर्तीसुद्धा आली होती. ती काही फीत बघायला आली नव्हती.

विष्णुपंतांनी माईक शरदचंद्रांच्या हातात दिला. "पाहुण्यांची ओळख तुम्हीच करून द्या."

शरदचंद्रांनी माईक तोंडाजवळ नेला, खाली घेतला, परत नेला. "पाहुणे येणार नाहीत," ते म्हणाले. "ते… नाहीतच. म्हणजे मेजर नाही. माझा मुलगा नेरळला झाडं विकतो. नर्सरी आहे त्याची. फौजेतून नाही, प्रबोधिनीतूनच तो परत आला होता. एवढंच."

माईकने थोडी शिटी मारली. शरदचंद्र लोकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. कुणाला तरी धक्का बसेल, कुणीतरी हसेल, कुणी रागावून उठून जाईल, एवढी त्यांनी मनाची तयारी केली होती. कुणी काहीच केलं नाही. मालिनी खाली बघत होती. किर्ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती. विष्णुपंतांनी माईक हळूच काढून घेतला आणि म्हणाले, "मग फीत मीच कापतो. हवाई दलाची हरकत नसेल तर."

लोक टाळ्या वाजवून मॉडेलांकडे वळले. चहाच्या टेबलापाशी शरदचंद्रांनी विष्णुपंतांना गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"शरदराव, नोकरीवर पोर असलेला बाप मुलाच्या तक्रारी सांगतो. सुट्टी देत नाहीत, जेवण वाईट, वरचा साहेब खवीस. तुमच्या मेजरची एकही तक्रार नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हीच सांगाल म्हणून वाट बघितली. साखर कमी आहे, चालेल ना?"

शरदचंद्रांनी चहा घेतला. म्हणजे इतकी वर्षं ते एकटेच पहारा देत होते आणि पलीकडे शत्रूच नव्हता. तो पहारा सांभाळायला म्हणून त्यांनी कुणाला घरी बोलावलं नव्हतं, रविवारची बैठक सोडली तर कुणाकडे दोन घटकांपेक्षा जास्त बसले नव्हते, आणि पोराचा नंबर असून लावला नव्हता. चहा फिका होता. त्यांनी तो संपवला.

हॉलच्या मागच्या जिन्यात उभं राहून त्यांनी फोन लावला.

"सांगून टाकलं," ते म्हणाले.

"काय?"

"तू नेरळला असतोस म्हणून."

राजस म्हणाला, "बरं."

"येऊ का मी? आज?"

"रविवारी गर्दी असते, बाबा. बोलायला वेळ मिळत नाही. सोमवारी या."

सोमवारी ते गेले. फार काही घडलं नाही. राजसने खुर्ची पुसून दिली, ते बसले. त्याचे केस आता डोक्यावर विरळ व्हायला लागले होते. बापाला हे कुणी सांगितलं नव्हतं. कामाला येणाऱ्या विठाने विचारलं, "कोण पाव्हणं?" राजस म्हणाला, "माझे वडील." तिने चहा आणला. दोघांनी तो प्यायला. बोलायला वेळ होता, शब्द सापडत नव्हते. शरदचंद्रांनी विचारलं, "हे कसलं झाड?" राजसने सांगितलं. मग पुढच्या रोपाचं विचारलं, तेही सांगितलं. सुनंदा कुठे बसायची, ते मात्र त्यांना विचारवलं नाही. ऊन उतरल्यावर ते उठले. राजस फाटकापर्यंत आला. 'परत या' म्हणाला नाही आणि 'येऊ नका' असंही म्हणाला नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर महिपती वॉचमनने सवयीने हटकलं, "काय काका, आज लांब?"

"मुलाकडे गेलो होतो. नेरळला."

बाकावर किर्ती आणि दोघी-तिघी बसल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्यासारखे डोळे मोठे केले. "अगं बाई, नेरळला असतो तो?"

"हो," शरदचंद्र म्हणाले. आणखी कुणी काही विचारेल म्हणून क्षणभर थांबले. बायका भाजीच्या भावाकडे वळल्या होत्या. मग त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं आणि ती खाली यायची वाट बघत उभे राहिले.