माशाला लावलेली हळद

मी पत्ते जमवते. असं म्हटलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतात; बिचाऱ्याचा संसार जुगारात गेला की काय! रमी-तीनपत्तीचे नव्हेत हो. एका खेळाची कार्डं असतात, प्रत्येकावर वेगळा प्राणी, राक्षस नाहीतर डोंगर, आणि खाली बारीक अक्षरात त्याची ताकद. शाळकरी पोरं ती खेळतात. मी पन्नाशीला टेकलेली बँकेतली बाई, मला तो खेळ धड येतसुद्धा नाही. मी नुसती जमवते आणि नोंद ठेवते: कार्ड कुठल्या संचातलं, कुणी चितारलेलं, कडा झिजल्यात का, पाठीवर ओरखडा आहे का.

हे सगळं कशासाठी, ते मला अजून कुणाला पटवता आलेलं नाही. तळहातापेक्षा लहान पुठ्ठा, त्यावर ढोलीत बसलेलं घुबड, आणि त्याच्या डोळ्यात समोरच्या घराची उजळलेली खिडकी. ती खिडकी भिंगाशिवाय दिसत नाही. पोरं तर गड्डी पिसून मोकळी होणार, खिडकी बघणार कोण? तरी दूरदेशी बसलेल्या कुणीतरी ती काढली. असं काही सापडलं की मी भिंग खाली ठेवते आणि थोडा वेळ मला काही सुचत नाही.

आमचं घर कामोठ्याच्या जुन्या गावात. मी पुण्याची, सासर मिठागरवाल्यांचं, जिथे मीठ पिकायचं तिथे आता सात मजली इमारती आहेत. सासूबाई मिठागरात राबलेल्या, स्वयंपाकघर अजून त्यांच्याच ताब्यात. मी कार्डांची फाइल उघडली की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "काडलंस पत्तं? शिकल्या-सवरल्या मानसाचा काम हाय का ह्यो?" मीही कमी तोंडाळ नाही. "तुमच्या भिशीपेक्षा बरं," म्हणायचे. आमचं प्रेम हे असं, फोडणीसारखं तडतडणारं.

गेल्या दसऱ्याला एका संचात माझं एकच कार्ड कमी होतं. सगळं घोडं तिथे अडलं होतं. ते होतं रोडपालीच्या एका गृहस्थांकडे, आणि बदल्यात त्यांना हवा होता माझा दिवामासा. काळाकुट्ट समुद्र, त्यात एक मासा आणि त्याच्या कपाळावर दिवा. सगळं कार्ड चमकीचं. तिरपं धरलं की उजेड डोक्यापासून शेपटीपर्यंत सळसळत जातो. माझ्याकडचं सगळ्यात देखणं कार्ड होतं ते. द्यायला जीव होत नव्हता, पण संच पुरा होणार होता. गृहस्थांची अट एकच, कार्ड निष्कलंक हवं. ते दसऱ्याला दुपारी सोनं द्यायला येणार होते, तेव्हाच अदलाबदल ठरली.

सकाळी आंघोळ करून बाहेर आले तर पाटावर पूजा मांडलेली. कोयता, विळी, नवऱ्याच्या गाडीची किल्ली, माझा लॅपटॉप, दरवर्षीचंच सगळं. त्यांच्याशेजारी यंदा माझ्या कार्डांची फाइल. फाइलवर झेंडूचं फूल, आणि फुलाशेजारी प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेर काढलेला दिवामासा. त्याच्यावर हळदीचं बोट आणि त्यावर कुंकू, दोन्ही पाण्यात कालवून लावलेलं.

हळदीचा डाग साडीतून निघत नाही, तो पुठ्ठ्यातून काय निघणार? ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "तुजी पन विद्याच ना गो ती. दर साली बिनपुजेचीच ऱ्हायची. आनि प्लॅस्टिकला कसली हलद लावाची, म्हनून काडला भायेर."

इतकी वर्षं जे नुसते पत्ते होते ते आज विद्या झाले होते, आणि त्याच बोटाने माझा संचही बुडाला होता. हसावं की रडावं कळेना. मी मुकाट्याने नमस्कार केला.

दुपारी गृहस्थ आले, आपट्याची पानं दिली, कार्ड हातात घेऊन खिडकीशी गेले. बराच वेळ बघत राहिले. "पूजेतलं दिसतंय," म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी कार्ड कपाळाला लावून मला परत दिलं, आणि आपलं कार्ड शर्टाच्या खिशातून बाहेरसुद्धा न काढता, चहा पिऊन गेले. त्यांचंही बरोबर होतं. त्यांच्या जागी मी तर चहासुद्धा घेतला नसता.

सासूबाई आतून आल्या. "तुजा देव नाय घेतला त्यान?"

"कुठला देव?"

"त्यो पत्त्यावरचा गो. कोनता देव हाय त्यो?"

"देव नाही हो आई, मासा आहे तो."

त्या पदर तोंडाला लावून अशा हसल्या की खांदे हलायला लागले. "मासा? मंग बराबर केला मी! माशाला हलद लावतातच. मीठ तेवडा ऱ्हायला!"

मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि हसता हसता थांबले. पनवेलच्या मासळी बाजारात टोपलीला हात न लावता पापलेट ताजं की बर्फातलं ते सांगणारी ही बाई, आणि हिला एवढा मोठा मासा ओळखू आला नाही?

"आई, मासा दिसला नाही तुम्हाला?"

त्या पदर सावरत राहिल्या. मग खाली बसून हळूच म्हणाल्या, "फाइलीतली बाकीची मना दिसतच नाय गो. सगला धूर. ह्यो एकच उजेडासारका दिसला. मना वाटला, देवच आसल." आणि माझा हात धरून, "सांगू नको कोनाला. चुलीपासून उठवतील मना."

त्या धुरातून बोटांनी चाचपत, पान पान उलटत, या बाईने माझ्या साऱ्या पसाऱ्यातला उजेड नेमका शोधून काढला होता, आणि समोर दिसलं त्याला हात जोडले होते. भिंग घेऊन इतकी वर्षं बसले, पण त्या कार्डाकडे असं मी कधी बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, चुलीपासून कुणी उठवायला आलं तर आधी माझ्याशी गाठ आहे. पण उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. खूप कुरकुर झाली. त्यांच्या चुलत जावेचे डोळे डॉक्टरने कसे बिघडवले, त्याची गोष्ट झाली. शेवटी एका अटीवर तयार झाल्या.

"येते. पन त्यो मासा संगती घे. डागतर बोलला का हिला कायच दिसत नाय, तं मी त्याला दाखवन."