अक्काचा दोन कार्डांचा डबा

माझी थोरली बहीण, आमची अक्का, माधवनगरला दिलीय. सासरी यंत्रमागांची शेड. मी साताऱ्यात नोकरीला आणि स्वभावानं तापट, त्यामुळं तिच्या सासऱ्यांचं नि माझं पहिल्यापासून कधी पटलं नाही. पण आज सांगतोय ते अक्काचं कौतुक, आणि ते मी तोंड भरून करणार.

शेडमध्ये नक्षीचे नवे माग आले तेव्हा कंपनीनं त्यांना स्वतःचं वेगळं नेटवर्क दिलं. ऑफिसातले कॉम्प्युटर दुसऱ्याच नेटवर्कवर. दोघांची एकमेकांशी ओळखदेख नाही. अक्कानं ऑफिसात डिझाइन काढायचं, पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि अंगण ओलांडून एकेका मागाला नेऊन द्यायचं. लग्नाआधी ती पुण्यात कॉम्प्युटरच्याच कामात होती, तिला हे बघवेना. गणपती उठले आणि तिनं माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला. त्यात नेटवर्कची दोन कार्डं बसवली, एकाला ऑफिसची वायर, दुसऱ्याला मागांची. वर युनिक्सच्या जातीची फुकटातली सिस्टीम घातली. इकडचं तिकडं पोचवायला मधे हा डबा.

सासरे म्हणाले, "पेनड्राइव्हला काय धाड भरलीया? दसऱ्यापतूर बगतो. दसऱ्याला माग ह्याच्यावर चाललं तर ठीक, न्हाईतर पुण्याची मानसं लावतो. मग तू आपलं घरातलं बग."

म्हणजे अक्काचं ऑफिस सुटणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्का मला म्हणाली, "तू गप बस रं. वायर धर."

मी रजा काढून गेलो होतो आणि खरंच वायरीच धरल्या. दोन्ही कार्डांना तिनं नंबर दिले. दोन्हीकडच्या यंत्रांना सांगितलं, पलीकडं जायचं तर ह्या डब्यातनं जा. ऑफिसातून विचारलं तर डबा उत्तर देई, मागाकडून विचारलं तरी देई. पण आरपार काही जाईना. मी म्हटलं, बोंबललं. अक्का हसली. "दोन कार्डं हायत म्हणून ते आपणहून पुढं धाडत न्हाई गड्या. त्याला सांगाय लागतं." तिनं एक ओळ टाइप केली, एका शून्याचा एक केला, आणि अंगणापलीकडचा माग बोलायला लागला. एवढ्याशा आकड्यानं मी गारच पडलो. पुढचे सगळे दिवस डिझाइनं बसल्या जागेवरून मागावर जात होती. सासरे येता-जाता बघत.

दसऱ्याला सकाळी सगळं घर शेडमध्ये जमलं, मीही साताऱ्याहून परत आलो होतो. अक्कानं नवं डिझाइन धाडलं. गेलं नाही. परत धाडलं, परत तेच. सासरे हाताची घडी घालून उभे. मला त्यांचा भयंकर संताप आला.

अक्का शांत. ऑफिसकडून डबा उत्तर देत होता, मागांकडूनही देत होता. आरपार मात्र काही नाही, अगदी त्या पहिल्या दिवसासारखं. ती उठून डब्यापाशी गेली. त्याला झेंडूची माळ होती आणि कपाळावर कुंकवाची बोटं.

"ह्याला बंद कुणी केलता?"

"मी," सासरे म्हणाले. "काल खंडेनवमी न्हवती व्हय? समदी अवजारं बंद करून पुजली, आज सकाळी परत चालू केली. ह्यालाच तेवढं कसं चालू ठिवायचं?"

चालू यंत्राला नुसतं सांगितलेला तो एक, यंत्र बंद केलं की पुसला जातो. सुरू होतानाच वाचला जाईल अशा फाइलमध्ये तो लिहून ठेवावा लागतो. एरवी डबा कधी बंदच पडला नव्हता, वीज गेली तरी बॅटरीवर चालायचा. अक्का सरळ म्हणाली, "चूक माझी, मामंजी. ते लिवून ठिवायचं ऱ्हायलं." तिनं ते लिहिलं. मग सगळ्यांच्या देखत स्वतःच्या हातानं डबा बंद केला. मला वाटलं, अगं कशाला, आत्ताच कशाला. तिनं तो परत सुरू केला, डिझाइन धाडलं, आणि माग खडखडायला लागले.

त्या घरात दसऱ्याचं पहिलं सोनं थोरल्या मुलाच्या हातात पडतं. सासऱ्यांनी आपट्याची पानं आधी डब्यावर ठेवली, मग अक्काच्या हातात दिली.

"पुढल्या खंडेनवमीला बी मी ह्याला बंद करणार," ते म्हणाले. "चालंल न्हवं?"

"चालंल की, मामंजी."

मी पुढं झालो आणि त्या माणसाच्या पहिल्यांदा मनापासून पाया पडलो.